‘घाशीराम’ युरोपात मराठीतच झालं

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक परदेशी नेताना इंग्रजीत केलं होतं आणि त्यावर सरकारने बंदीही घातली होती, असा मेसेज फिरतोय. ते खरं नाही. १९८० साली पुण्याची थिएटर अकादमी ही नाट्यसंस्था युरोपात गेली ती मराठी नाटक घेऊनच. आणि दिग्दर्शक जब्बार पटेलांची मांडणी आठवा ना! धोतर नेसलेल्या पुरुषांची ओळ डोलते, गाते, पाठ फिरवते आणि तिचीच भिंत होते. त्या भिंतीआड काहीतरी लपवलं जातंय, हे कळायला मराठी यावंच लागतं असं नाही. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांचं तर बोलायलाच नको.

मेसेजमधली सरकारी बंदीही सांगोवांगीच. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं ते आधी ते करणाऱ्या पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनेच. त्यामुळे बाहेर पडलेल्या कलाकारांमधूनच पुढे थिएटर अकादमी उभी राहिली. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.