लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवू नका

गेम खेळताना लॅपटॉप तापला की खाली बर्फाची पिशवी ठेवा, असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि लॅपटॉप कायमचा निकामी करू शकतो. गार पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. हे पाणी आत मदरबोर्डवरही (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरही) जमू शकतं. शिवाय बरेच लॅपटॉप खालच्या जाळीतूनच हवा ओढतात. पिशवीने तीच वाट बुजते.

गेममध्ये प्रोसेसर ८०-९० अंश सेल्सिअसला गेला म्हणून लगेच घाबरू नका. अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचले की ते स्वतःच वेग कमी करतात, म्हणूनच गेम अडखळतो.

मागची बाजू बोटभर उचला, गादीवर खेळू नका. लॅपटॉप बंद करून जाळीतली धूळ हवेच्या झोताने काढा. तेवढा वेळ पंख्याची पाती मात्र धरून ठेवा, नाहीतर ती भरधाव फिरून बेअरिंग बिघडू शकतं. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे फ्रेम रेटला, म्हणजे गेम सेकंदाला जितकी चित्रं दाखवतो त्या आकड्याला, ६० ची मर्यादा घालणं. ग्राफिक्स चिपचं काम घटलं की उष्णताच कमी तयार होते.