'वेळ तीच' म्हणे!

आज संध्याकाळी साडेसातला माझ्या डाव्या कानात जर्मनी होतं आणि उजव्या कानात शिकागो. अतिशयोक्ती नाही. एका कानाला मोबाईल, दुसऱ्यात लॅपटॉपचा इअरफोन, समोर व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग. जर्मनीवाल्याला द्यायचं उत्तर शिकागोवाल्याला दिलं, तो बिचारा दोन मिनिटं गप्पच.

ज्यांना हा ताप नाही त्यांच्यासाठी सांगतो. युरोपवाले ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात. अमेरिकावाले नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधला एक आठवडा परदेशी गिऱ्हाइकांना माल देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या राशीला. उन्हाळाभर जर्मनीचा कॉल आपल्या साडेसहाला असतो, शिकागोचा साडेसातला. ह्या आठवड्यात जर्मनी सरकून थेट शिकागोच्या मांडीवर येऊन बसतं. मार्चमध्ये अमेरिका आधी पुढे पळते, तेव्हा हाच घोळ दोन-तीन आठवडे चालतो. आपण मात्र बारा महिने ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढे ठाम, ना मागे ना पुढे सरकत.

हेही चालवून घेतलं असतं. पण कॉल संपवून बघतो तर शिकागोचा मेल. 'रविवारी आमची घड्याळं बदलतील. मीटिंगच्या वेळेत बदल नाही, वेळ तीच, सकाळी ९.'

बदल नाही! अरे, तुमचे नऊ तेच, पण माझ्या साडेसातचे साडेआठ झाले त्याचं काय? आता मार्चपर्यंत रोज घरी पोचेपर्यंत ताट झाकलेलं, भाकरी वातड, आणि पोरगी झोपलेली.

पोरीवरून आठवलं. खरं तर विसरलोच नव्हतो.

गेल्या डिसेंबरात तिच्या शाळेचं गॅदरिंग. कोळी नाच. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली आणि टोपलीत पुठ्ठ्याचा मासा. त्या माशाला चॉकलेटची चंदेरी कागदं मी चिकटवली होती, दोन रात्री बसून, एकेक खवला. नाच नेमका साडेआठनंतर. मी शाळेच्या फाटकाबाहेर स्कूटरवर बसून कास्टिंगमधल्या ब्लोहोलबद्दल, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळीबद्दल, खुलासा देत होतो. आतून ढोलकी ऐकू येत होती, म्हणून दर दोन वाक्यांनी म्यूट. वीस-पंचवीस मिनिटांनी शिकागोचा साहेब म्हणाला, 'सॉरी, मुलीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय, उरलेलं पुढच्या आठवड्यात घेऊ.' सगळे म्हणाले, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स. मीही म्हणालो. आत गेलो तर स्टेजवर पुढच्या वर्गाचं लेझीम चाललेलं.

'पप्पा, मासा दिसला काय?'

'दिसला की.'

आप्पांनी चाळीस वर्षं उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथ चालवला. भोंगा वाजला की हात धुऊन सायकलवर. परवा रात्री मी अकराला आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत बसलेले. म्हणाले, 'तुझा भोंगा काय अमेरिकेत वाजतोय व्हय रे?' काय बोलणार?

आता लगेच कुणीतरी खाली लिहिणार, 'डॉलर घेताना गोड लागतात का?' लागतात. त्या ऑर्डरींवर आमच्या शॉपमधल्या तीसेक घरांचा महिना चालतो. मान्य. पण माल मी वेळेवर देतो, रिजेक्शन निघालं तर बदलून देतो. त्यात माझं रात्रीचं जेवण फुकट द्यायचं असं पीओमध्ये, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरीत, कुठे लिहिलंय? त्यांचा प्लांट सकाळी सातला सुरू होतो, हे त्यांच्याच माणसाने मला सांगितलंय. म्हणजे आठला फोनवर यायला कुणाला पहाटे उठायचं नाही. फक्त तसं कुणी मागितलेलं नाही.

आणि हे टाइप करताना राग जरा माझ्याकडेच वळतोय. कारण त्या साहेबाने एकदा विचारलं होतं. खरंच. 'तुमच्याकडे आता किती वाजलेत?' रात्रीचे साडेदहा झाले होते, बाहेर कुत्री भुंकत होती. मी म्हणालो, 'संध्याकाळच आहे, नो प्रॉब्लेम.' का म्हणालो कुणास ठाऊक. ऑर्डर हातची जाईल म्हणून असेल, नाहीतर आपली सवयच तशी. माणूस वाईट नाही तो. सांगितलं असतं तर ऐकलं असतं बहुतेक. 'दिसला की' आणि 'संध्याकाळच आहे', दोन्ही एकाच तोंडातून आलेलं.

मुंबई बघा. १९०६ पासून देशाला एक वेळ लागू झाली, पण मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची वेळ सोडली नाही. ३९ मिनिटं मागे. ३९ मिनिटांसाठी जवळजवळ पन्नास वर्षं हट्ट! आपलं बेळगाव तेव्हा त्याच मुंबई राज्यात होतं. (आता कर्नाटकात आहे. तो विषय वेगळा, त्यावर १ नोव्हेंबरला बोलू.) आता उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ आपण सगळ्यांनी मनगटावर बांधलीय. त्या हिशोबाने आपल्या डोक्यावर सूर्य अर्धा तास उशिराच येतो, त्याचीही कधी तक्रार नाही. एवढं जुळवून घेणारी माणसं आपण, आणखी किती घ्यायचं?

तर आत्ता दोघांनाही मेल टाकलाय. घड्याळ तुम्ही बदलता, आम्ही नाही, म्हणून वेळ आमच्या घड्याळाने बांधू. जर्मनी साडेसहा, शिकागो साडेसात, बारा महिने. म्हणजे हिवाळ्यात जर्मनीचे दोन आणि शिकागोचे आठ. 'इफ पॉसिबल' लिहिलं होतं, खोडलं. मग 'प्लीज' मात्र दोनदा लिहिलं. सेंड करायला दहा मिनिटं लागली.

रात्रीचे अकरा चाळीस झालेत. जर्मनी घरी गेलं असेल. शिकागोत दुपारचा सव्वा वाजत आलाय, जेवायला उठले असतील. तो मासा अजून टीव्हीच्या मागे उभा आहे, शेपटीकडची तीन कागदं निघालीत. फेविकॉल शोधतोय. मेलचं उत्तर आलं तर इथेच खाली लिहितो.