जागा धरल्यात, या लवकर

परदेशात राहणाऱ्या माणसाच्या दारात चारचाकी उभी असतेच, असा आमच्या सगळ्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. म्युनिकला राहून आमच्याकडे गाडी नाही हे कळल्यावर सासऱ्यांनी आधी नवऱ्याला बाजूला घेऊन "पैशांची काही अडचण आहे का रे?" असं विचारून घेतलं. गाडीवाचून इथे काही अडत नाही हे पटवायला नवऱ्याने त्यांना बायर्न तिकीट समजावलं. एक तिकीट, पाच माणसं, अख्खं बव्हेरिया राज्य, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत हवं तेवढं फिरा. फक्त साध्या रिजनल गाड्यांनी जायचं, तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायची आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं.

"एकत्रच राहणार ना," बाबा म्हणाले. "इथे आमच्या ओळखीचं दुसरं आहे कोण?"

रविवारी टेगर्नझेला जायचं ठरलं. आल्प्सच्या पायथ्याचं तळं, म्युनिकहून तासाभरावर. रविवारी इथे दुकानं बंद असतात, ही माहिती मी आईंना सहज म्हणून दिली आणि ती देऊ नये हे कळायला मला उशीर झाला. रात्री अकरापर्यंत दशम्या चालल्या होत्या. बटाट्याच्या काचऱ्या, दाण्याची चटणी, साखरांबा, चकल्या, शंकरपाळे आणि "त्या बुडबुड्यांच्या पाण्याचा काय भरवसा" म्हणून घरून पाण्याच्या बाटल्या. पिशवी उचलताना नवऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी लग्नात मला उचलताना ऐकला होता.

आता टेगर्नझेला जाणाऱ्या आगगाडीची कुंडली सांगणं भाग आहे. म्युनिकहून ती एक म्हणून निघते. होल्झकिर्शेनला तिचा एक भाग सुटतो आणि बायरिशझेलला जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा दुभंगते, एक भाग टेगर्नझेला, दुसरा लेंगग्रीसला. थोडक्यात, एकत्र कुटुंब म्हणून घरातून निघायचं आणि वाटेत वाटण्या करत जायचं. दारावर पाट्या असतात, फलाटावर पाट्या असतात, आत घोषणा होतात. इतकी चोख व्यवस्था की घोटाळा करायचा तर बाहेरूनच माणूस आणावा लागतो. आम्ही तो डोंबिवलीहून आणला होता.

सगळी नोकरी डोंबिवली ते व्हीटी केलेल्या माणसाला रिकामा डबा दिसला की त्याचे पाय ऐकत नाहीत. आमची गाडी म्युनिक स्टेशनच्या पार आडबाजूच्या फलाटावरून सुटते. मुख्य स्टेशनातून तिथवर चालता चालता लेकीला एकदा शू आणि एकदा रडू आलं. दोन्ही आटोपून आम्ही पोचतो तर टेगर्नझेचा भाग गच्च. सायकली, बाबागाड्या, कुत्री, डोंगर चढायच्या काठ्या. तेवढ्यात बाबांचा फोन. "जागा धरल्यात, या लवकर! पुढे या. अख्खा डबा मोकळाय!"

डबा मोकळा का आहे, हा प्रश्न डोंबिवलीत कुणी विचारत नाही.

आई "अहो, थांबा" म्हणत पिशवी घेऊन त्यांच्यामागे गेल्याच होत्या. गाडी सुटायची वेळ झाली म्हणून आम्ही समोरच्या दारातून चढलो. आतून चालत जाऊ म्हटलं, तर डब्याच्या टोकाला वाटच नाही. पलीकडे ड्रायव्हरची बंद केबिन, आणि तिच्या पलीकडे आमचे आईवडील, चार धरलेल्या जागांसह.

नवऱ्याने फोन लावला. इथल्या गाडीत लोक फोनवर बोलतात ते तोंडावर हात धरून, कबुलीजबाब दिल्यासारखे. बाबा मात्र फोनवर बोलताना पलीकडचा माणूस डोंबिवलीतच आहे असं धरून चालतात. स्पीकर लावलेला नसतानाही आमच्या डब्याने पुढचा संवाद ऐकला.

"बाबा, होल्झकिर्शेनला उतरून मागे आमच्याकडे या."

"अरे, इथे पाय लांब करून बसलोय. तिकडे गर्दीत कशाला? शेवटच्या स्टेशनला भेटू."

"तुमचं शेवटचं स्टेशन वेगळं आहे!"

"गाडी एक तर स्टेशन वेगळं कसं असेल?"

या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर नाही. होल्झकिर्शेनला नवरा त्यांना आणायला उतरणार, तोच लेक त्याचा पाय धरून भोकाड पसरून बसली. शाफ्टलाखला बाबांना पटलं. ते दाराशीही आले. पण इथलं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. बाबा दारासमोर उभे राहून दार उघडायची वाट पाहत राहिले. आईंनी नंतर सांगितलं की बटणाभोवती हिरवा दिवा छान लुकलुकत होता. आमच्या खिडकीतून पुढचा भाग निघताना दिसला. काचेमागे बाबा हात हलवत होते, अगदी मुलाला सोडायला आल्यासारखे.

आणि मग हिशोब लक्षात आला. तिकीट आमच्याकडे आणि जेवण त्यांच्याकडे.

पुढची हकीकत ऐकीव आहे आणि दोन्ही साक्षीदारांची वेगळी आहे. तिकीट तपासनीस बाई आल्या. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी अस्खलित इंग्रजीत परिस्थिती मांडली. आईंच्या म्हणण्याप्रमाणे ते "सन! टिकेट! अदर ट्रेन!" एवढंच म्हणत मागे बोट दाखवत होते, आणि आईंनी चकल्यांचा डबा उघडल्यावर वातावरण निवळलं. असा प्रकार त्या बाईंना नवा नसावा. चकली त्यांनी नाकारली, पण बाड टोल्झला उतरा आणि उलटी गाडी पकडा, हे कागदावर लिहून दिलं. समोरच्या एका आजीबाईंनी मात्र चकली घेतली, आणि बाड टोल्झला दाराचं बटणही त्यांनीच दाबलं.

तोवर आम्ही टेगर्नझेला तळ्याकाठी बसलो होतो. आठव्या शतकात स्थापन झालेला मठ समोर, पाण्यापलीकडे वालबर्गचा डोंगर, आणि पोटात कावळे. मठाच्या आवारातल्या बिअरच्या हॉलमध्ये एकही बाक रिकामा नव्हता. शेवटी एक मोठा ब्रेझेल, म्हणजे इथला पीळदार खारा पाव, मिळाला. त्यावरचे मिठाचे खडे नखाने खरवडत मी तो लेकीला भरवत होते आणि ती दर घासाला "आजीची दशमी कुठाय?" विचारत होती.

शेवटी ते दोघं आले. आई धापा टाकत होत्या, बाबा खुशीत. "दुसराही रूट बघून झाला. नदी झकास आहे तिकडची. तुम्ही लोक एकच बाजू बघितलीत." दशम्या सुटल्या आणि भांडण तोंडातच राहिलं.

परतीला सगळे भाग पुन्हा जोडले जातात, कुठेही बसलं तरी म्युनिकच येतं, हे नवऱ्याने दोनदा सांगितलं. तरी आईंनी आम्हाला एकाच बाकावर कोंबून बसवलं.

पुढच्या रविवारी साल्झबुर्गचा बेत आहे. ऑस्ट्रियात असलं तरी तिथपर्यंत हे तिकीट चालतं. आई तयारीला लागल्या आहेत. या वेळी पिशवी एक नाही. माणशी एक पुडी, वर ज्याचं त्याचं नाव, अगदी तिकिटावर असतं तसं. "गाडी कुठेही तुटो," त्या म्हणाल्या, "उपाशी कुणी जाणार नाही." बाबांचा रुमाल धुऊन, इस्त्री करून त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आहे.