शेजारच्या दुधीमुळे भोपळा कडू होत नाही

बागकाम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून पावसाळ्याच्या तोंडाशी एक संदेश हमखास फिरू लागतो. टर्क्स टर्बन, जराडेल, मुस्के द प्रोव्हान्स अशा जुन्या परदेशी वाणांचे भोपळे घरच्या बागेत बी पेरून वाढवण्याच्या फंदात कोणी पडू नये, असे त्याचे सांगणे असते. कारणे पाच दिलेली असतात. शेजारी दुधी, काकडी किंवा कारले असले की परागांची सरमिसळ होऊन भोपळा कडू होतो. घरी धरलेले बी पुढच्या वर्षी कधीच तसे निपजत नाही. सुरुवातीला नुसती नर फुले येणे ही बी वांझ असल्याची खूण असते. हे वाण आपल्या हवेत होतच नाहीत. आणि एवढे करून फळ कडू निघालेच तर फोडींना मीठ चोळून कडूपणा काढावा. यांतल्या एक-दोन विधानांत सत्याचा अंश असल्यामुळे सगळा संदेशच खरा वाटतो. शेवटचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तर जिवावर बेतणारा आहे.

पहिल्या विधानात दोन चुका एकीवर एक रचलेल्या आहेत. दुधी, काकडी, कारले आणि लाल भोपळा ही सारी एकाच कुळातली असली, तरी त्यांच्या प्रजाती वेगळ्या आहेत. भोपळ्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात, दुधी आणि कारले यांत २२ आणि काकडीत १४. मधमाशीने दुधीचा पराग भोपळ्याच्या फुलावर आणून टाकला, तरी त्यातून बी धरत नाही. शिवाय दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे, त्यामुळे त्यांची गाठ पडण्याचा संभव मुळातच कमी.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे, कारण एका भोपळ्याचा दुसऱ्या भोपळ्याशी संकर खरोखर होतो. तरीही त्या हंगामातल्या फळाची चव त्यामुळे बदलत नाही. फळाची साल आणि गर मादी फुलाच्या बीजांडकोशापासून, म्हणजे ज्या वेलावर ते फळ लागले त्याच वेलाच्या पेशींपासून तयार होतात. परक्या परागाचा वाटा असतो तो फक्त आतल्या बियांतील गर्भात. मक्याचे तसे नाही. तिथे आपण बीच खातो, त्यामुळे शेजारच्या वाणाचा पराग आला तर पांढऱ्या कणसात त्याच वर्षी पिवळे दाणे दिसतात, आणि बहुधा तोच अनुभव कोणीतरी भोपळ्याला लावला असावा. भोपळ्यातला संकर डोळ्यांना दिसतो आणि जिभेला कळतो तो ते बी पेरल्यावर, पुढच्या हंगामात.

यामुळे दुसरे विधान अर्धे खरे ठरते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी वेगवेगळ्या गुणांची निपजते, हे कोणीही शेतकरी सांगेल. जुने वाण मात्र संकरित नसतात. ते जसेच्या तसे निपजतात म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या टिकले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती घरी धरलेले गावरान बी जपण्याच्या कामासाठीच. घरचे बी कधीच तसे निपजत नसते, तर जपायला गावरान वाणच उरले नसते.

अट एकच, ती म्हणजे त्याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणाचा पराग लागू द्यायचा नाही. बागेत सहसा दिसणारे भोपळे तीन प्रजातींचे असतात. आपला नेहमीचा लाल भोपळा, बटरनट आणि मुस्के द प्रोव्हान्स हे कुकुर्बिटा मोशाटा. टर्क्स टर्बन, जराडेल आणि हबार्ड हे मॅक्सिमा. झुकिनी, डेलिकाटा आणि बहुतेक शोभेचे छोटे भोपळे हे पेपो. पाकिटावर प्रजाती छापलेली नसेल तर पिकलेल्या फळाचा देठ पाहावा. मोशाटाचा देठ कठीण, पाच कडांचा आणि फळाला टेकतो तिथे पसरट होत गेलेला असतो. मॅक्सिमाचा गोलसर, जाड आणि बुचासारखा मऊ. पेपोचा कडक, कंगोरेदार आणि हाताला टोचणारा. या तिघांत आपसूक संकर क्वचितच होतो. जपानमध्ये मॅक्सिमा आणि मोशाटा यांचा मुद्दाम संकर करून तेत्सुकाबुतो हा वाण तयार केला गेला, पण त्याच्या नर फुलांत कामाचा पराग जवळजवळ नसतो आणि फळ धरण्यासाठी शेजारी दुसरा भोपळा लावावा लागतो. म्हणजे घरच्या बागेत प्रत्येक प्रजातीचा एकेकच वाण ठेवला, तर निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे हाताने करावे लागते, कारण मधमाश्या कुंपण मानत नाहीत आणि शेजाऱ्याच्या परसातला पराग त्या खुशाल घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते. टोकाशी ती पिवळी पडून किंचित सैल झालेली असते. अशा एका मादी कळीचे आणि दोन-तीन नर कळ्यांचे तोंड दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने बंद करावे. सकाळी नऊच्या आत नर फुले देठासकट खुडावीत, त्यांच्या पाकळ्या सोलून काढाव्यात आणि उघडा पडलेला परागकोश मादी फुलातल्या कुक्षीवर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवावा. मग मादी फूल पुन्हा बांधून देठाला खुणेची चिंधी लावावी. पराग त्याच वेलावरचा असला तरी चालतो, मात्र शक्य असेल तर चार-पाच वेलांचे बी एकत्र ठेवावे. फळ वेलावर पुरते पिकू द्यावे आणि उतरवल्यावरही महिनाभर तसेच ठेवून मगच फोडावे, म्हणजे बी पोसते. धुऊन सावलीत वाळवलेले बी वाकवल्यावर न लवता कट्‌कन मोडले, तर ते डब्यात भरण्याजोगे झाले. कोरड्या जागी ते चार-पाच वर्षे सहज उगवते.

नर फुलांविषयीचे विधान थोडक्यात निकालात काढता येते. भोपळ्याला आधी नर फुले येतात आणि काही दिवसांनी मादी. बारीक लांब देठावर नुसते फूल असेल तर तो नर, फुलाखाली इवलासा भोपळा दिसत असेल तर ती मादी. कडक ऊन आणि मोठा दिवस असेल तर नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते. ती ‘वांझ’ म्हणून तोडून टाकणाऱ्यांच्या वेलावर मग परागच उरत नाही, मादी कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि दोष मात्र बियाण्याच्या माथी येतो.

हवामानाबद्दलचे म्हणणे सरसकट केल्यामुळे बिघडले आहे. मुळात सगळेच भोपळे अमेरिका खंडांतले आहेत; आज ज्याला आपण देशी म्हणतो तो लाल भोपळाही तिकडूनच आलेला. उष्ण, दमट हवा मोशाटाला मानवते. फ्लोरिडातल्या सेमिनोल लोकांनी जपलेला सेमिनोल भोपळा याच प्रजातीचा आहे, आणि तिथला दमट उन्हाळा सोसणाऱ्या वाणाला कोकणातली हवा परकी वाटण्याचे कारण नाही. मॅक्सिमा आणि पेपो यांना मात्र आपल्या पावसाळ्यात भुरी आणि केवडा हे पानांवरचे रोग लवकर ग्रासतात, त्यामुळे जूनमध्ये टर्क्स टर्बन पेरून ऑगस्टमध्ये हळहळणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, त्यांचा हंगाम तेवढा चुकलेला असतो. देशावर हे वाण पाऊस ओसरल्यावर किंवा थंडीच्या अखेरीस पेरावेत. लाल भुंगेरे आणि फळमाशी यांना देशी-परदेशी असा भेद नसतो. रोप दोन पानांवर असताना भुंगेरे सकाळी हाताने वेचणे आणि पुढे कोवळ्या फळांवर कागदी पिशवी चढवणे हे दोन्हीकडे सारखेच करावे लागते.

आता मिठाचा सल्ला. तो कारल्यावरून उचललेला दिसतो, पण कारल्याचा कडूपणा ज्या द्रव्यांचा असतो ती वेगळी आणि नेहमीच्या खाण्यातली आहेत. कडू भोपळा, दुधी किंवा झुकिनी यांत कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात, आणि ती मीठ चोळून, पिळून किंवा शिजवून जात नाहीत. जर्मनीत २०१५ साली घरगुती बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थाचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली, आणि कडू लागणारा रस पिऊ नये असेच तिचे सांगणे होते. संकराची भीती खरी ठरते ती इथे: शोभेच्या भोपळ्याचा पराग लागलेल्या झुकिनीचे बी पेरले, किंवा कंपोस्टच्या ढिगावर आपोआप उगवलेला वेल राखला, तर त्याची फळे अशी कडू निघू शकतात. म्हणून शोभेचे भोपळे लावलेल्या बागेतून पेपोचे बी हाताने परागीभवन केल्याशिवाय धरू नये. नव्या वेलाचे पहिले फळ चिरल्यावर कच्च्या गराचा कण जिभेच्या टोकाला लावून पाहावा. कडू लागला तर लगेच थुंकून चूळ भरावी, फळ फेकून द्यावे, वेल उपटावा आणि त्याचे बी कोणालाही देऊ नये.