बॅलन्स्ड अॅम्प घेतला म्हणून आवाज वॉर्म होत नाही

हाय-फायचं वेड असलेल्या मंडळींमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: "घरी मऊ, भरीव, वॉर्म आवाज हवा ना? मग मागे एक्सएलआर (तीन पिनांचं) सॉकेट असलेला बॅलन्स्ड अॅम्पच घ्या. नॉइज शून्य, सिग्नल दुप्पट, फरक पहिल्याच गाण्यात कळतो. त्यात क्लास ए मिळाला तर सोन्याहून पिवळं." एका दमात चार दावे. पैकी नॉइजचा अर्धा खरा, सिग्नलचा खरा पण कौतुकाचा नाही.

बॅलन्स्ड जोडणीत सिग्नलच्या दोन तारा असतात आणि अॅम्प त्यांच्यातला फरक तेवढा उचलतो. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखी बसते, म्हणून वजाबाकीत उडते. स्टुडिओत मायक्रोफोनचा मिलिव्होल्टमधला सिग्नल लांबवर न्यायचा असतो, तिथे याला पर्याय नाही. आपल्याकडे डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि अॅम्प यांच्यात मीटरभर आरसीए, म्हणजे नेहमीची अनबॅलन्स्ड केबल आणि सिग्नल चांगला २ व्होल्टचा. तरीही घरघर येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची कोअॅक्स केबल उपटून बघा. आवाज थांबला तर तो अर्थ लूप होता, म्हणजे दोन वाटांनी अर्थ झालेल्या उपकरणांमधून फिरणारा प्रवाह. (अर्थची पिन कापून टाकायचा 'जुगाड' मात्र कृपा करून नको.) असल्या लूपवर बॅलन्स्ड इनपुट खरंच उपयोगी पडतं, पण 'शून्य'ची हमी नाही. केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टन) चॅसिसऐवजी, म्हणजे धातूच्या खोक्याऐवजी, आतल्या सिग्नल ग्राउंडला जोडलं की एक्सएलआरमधूनही हमिंग आत येतं. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ साली हा 'पिन १'चा (एक्सएलआरमधली शील्डची पिन) घोळ नीट मांडला.

'सिग्नल दुप्पट' हेही खरं, पण त्यात फुशारकी कसली? आरसीएवर २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर ४, म्हणजे ६ डेसिबल जास्त. व्हॉल्यूमचा नॉब न हलवता केबल बदलली की आवाज मोठा येणारच. आणि मोठ्या आवाजात कानाला बेस जास्त भरीव लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच आलेख काढून दाखवलंय. पहिल्याच गाण्यात कळणारा 'वॉर्मपणा' बहुतेकदा हाच. तुलना करायचीच असेल तर १०० हर्ट्झचा टोन लावा, साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवरचा एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही वेळा तो एक टक्क्याच्या आत जुळवून मग ऐका. निम्मे वाद तिथेच मिटतील.

आता मुख्य मुद्दा. वॉर्म आवाजाचं श्रेय ज्याला दिलं जातं ते म्हणजे दुसरं हार्मोनिक: मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराचा हलका शिडकावा. पूर्ण बॅलन्स्ड अॅम्पमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन सर्किटं उलट्या दिशांनी चालतात. दोघांत तयार होणारं दुसरं हार्मोनिक मात्र एकाच दिशेचं असतं, म्हणून आउटपुटला ते घरघरीसारखंच वजा होतं. तिसरं उरतं. म्हणजे अॅम्प जितका काटेकोर बॅलन्स्ड, तितकी तुम्ही पैसे मोजलेली ऊब कमी! अॅम्प डिझायनर नेल्सन पास यांचंच बघा. पास लॅब्ज या आपल्या कंपनीसाठी बॅलन्स्ड सर्किटचं पेटंट घेणारा हा माणूस 'फर्स्ट वॉट' या छोट्या ब्रँडखाली सिंगल-एंडेड (आरशातला जोडीदार नसलेले) अॅम्पही बनवतो, आणि दुसऱ्या हार्मोनिकशी तो खेळतो ते तिथे. दुसरीकडे, मागे एक्सएलआर सॉकेट असलेले कितीतरी अॅम्प आत शिरल्या शिरल्या ऑप-अॅम्पने (एका छोट्या चिपने) सिग्नल सिंगल-एंडेड करून टाकतात. त्यात फसवणूक नाही, घरघर तरीही कटते. फक्त सॉकेट बघून आतलं सर्किट ओळखता येत नाही.

ऊब येण्याची आणखी एक वाट आहे आणि ती मोजता येते. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो एखाद्या पट्ट्यात ४ आणि बेसच्या रेझोनन्सला ३० ओहमही होतो. ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा, २ ओहम धरला तर या दोन जागांत जवळजवळ ३ डेसिबलचा फरक पडतो, बेस फुगतो. ट्रान्झिस्टरचा ०.०५ ओहम असेल तर फरक ०.१ हूनही कमी. १९८५ साली अॅम्प डिझायनर बॉब कार्व्हर यांनी आपला ट्रान्झिस्टर अॅम्प एका महागड्या ट्यूब अॅम्पशी इतका जुळवून दाखवला की 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या मुरलेल्या कानांनाही ते वेगळे ओळखता आले नाहीत. तिथे एक्सएलआरचा काही संबंध नव्हता.

क्लास एचं थोडक्यात. त्यात आउटपुटचे ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत, म्हणून क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (लाट एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना सांध्यावर होणारी मोडतोड) नसतं, म्हणजे आवाज असलाच तर स्वच्छ होतो. वॉर्म होईलच असं नाही. २५ वॉटच्या दोन चॅनलसाठी तो, गाणं वाजो न वाजो, १०० ते २०० वॉट खातो. रोज चार तास म्हणजे महिन्याला १२ ते २४ युनिट, आणि मे महिन्यात खोलीत एक हीटर.

मग घ्यायचं काय? आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत टाइल्स आणि उघड्या भिंती ट्रेबल परतवत असतात; जाड पडदा आणि सतरंजी हा पहिला खर्च. मग स्पीकर. अॅम्प शेवटी, आणि त्याला बेस-ट्रेबलचे नॉब असू द्या: ट्रेबल दीड-दोन डेसिबल खाली केला तरी बऱ्याच जणांचं काम भागतं. यामाहाच्या ए-एस२२०० मध्ये बॅलन्स्ड इनपुट आहे आणि हे नॉबही आहेत, तेव्हा एकासाठी दुसरं सोडावं लागतं असंही नाही. आणि पूर्ण बॅलन्स्ड अॅम्प घेतलाच, तर त्याची स्पीकरची काळी टर्मिनलंही 'जिवंत' असतात. डाव्या-उजव्याची काळी वायर एकत्र जोडू नका, आणि सबवूफरची ग्राउंड वायर मॅन्युअल वाचल्याशिवाय तिथे लावू नका.