आधी विचारा, आईला वाचता येतं का?

गेल्या महिन्यात मामेबहिणीकडे गेले होते. ती गावात आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य कार्यकर्ती आहे. तिच्याबरोबर सात दिवसांच्या एका बाळाला बघायला गेले. तिने झबलं वर केलं आणि पोटाकडे नजर लावून घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बावन्न. साठ किंवा वर भरले असते तर गाडी बोलवावी लागली असती. मग बाळाच्या आईने उशाखालचं कार्ड काढून पुढच्या लसीची तारीख स्वतः वाचून दाखवली. शेजारी बसलेली सासू हळूच म्हणाली, "माझी पहिली दोन तापात गेली. काय झालं ते कुणाला कळलंच नाही."

मला बराच वेळ तिथून उठवेना.

पैसा आला की बाळं आपोआप जगतात, असं आपण धरूनच चालतो. १९७१ साली दरडोई उत्पन्नात महाराष्ट्र केरळच्या बराच पुढे होता, केरळ तर देशाच्या सरासरीच्याही खाली. तरी हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळात ५८, महाराष्ट्रात १०५, देशात १२९! तेव्हा केरळात निम्म्याहून जास्त बायकांना लिहिता-वाचता येत होतं, देशात पाचांत जेमतेम एकीला. २०२० चे आकडे: केरळ ६, महाराष्ट्र १६, देश २८, मध्य प्रदेश ४३.

सगळं श्रेय एकट्या साक्षरतेचं नाही, हे मान्य. केरळात दवाखानाही जवळ होता. पण दवाखाना बंद असला तर जाब विचारायला शिकलेली बाई जाते. आणि पैसा लागतोच, गरोदरपणी पोटभर जेवायला, स्वच्छ पाण्याला. तो नको असं मी म्हणतच नाही.

गडचिरोलीचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन, ताप, श्वास, जंतुदोष झाला तर इंजेक्शन, सगळं घरच्या घरी. नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून खाली आले. त्या तीन वर्षांत गडचिरोली काही श्रीमंत झाला नव्हता.

म्हणून प्रौढ बायकांचे रात्रीचे वर्ग पुन्हा जोमाने सुरू व्हावेत असं मला कळकळीने वाटतं. मुली शाळेत जातात, चांगलंच आहे. पण घरात बाळाला तेल लावणारी, घुटी द्यायची की नाही ते ठरवणारी आजी अजून निरक्षर आहे.

आम्ही निघालो तेव्हा ती सासू कार्डावर बोट ठेवून सुनेला विचारत होती, "हा आकडा कोणता गं?"