वाळीत टाकलेलं घर

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या लहानपणी एक घर वाळीत होतं. कारण काय, तर गावकीनं ठोकलेला दंड त्या घरातल्या काकांनी भरला नाही. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त गिरणीत त्यांचं दळण घेईनात. दुकानदार 'तांदूळ संपलाय' म्हणायचा, मागं पोती दिसत असायची. त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड.

त्यांची म्हातारी गेली तेव्हा खांद्याला चार माणसं मिळेनात. मुंबईहून जावई-भाचे येईपर्यंत मयत अंगणातच. आमच्या घरानं खिडकी लावून घेतली. "उद्या आपल्यावर आलं म्हणजे?" एवढंच बाबा म्हणाले. बाबा वाईट नव्हते हो, हीच तर अडचण आहे.

पंचांकडे ना पोलीस होते ना तुरुंग. शिक्षा त्यांनी सुनावली आणि ती भोगायला लावली आम्ही, रोज, गप्प बसून. गावातली दहा घरं जरी बोलली असती तरी त्या दंडाला कुत्र्यानं विचारलं नसतं.

ही युक्ती जुनीच. दलित-आदिवासींची स्थिती पाहायला मुंबई सरकारनं 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते. दलितांना दडपायला सामाजिक बहिष्काराहून प्रभावी हत्यार नाही, उघड हिंसासुद्धा त्यापुढे फिकी, असं त्या समितीनं लिहून ठेवलंय. पुढे 1949 चा बहिष्कारबंदीचा कायदा सुप्रीम कोर्टानं 1962 मध्ये रद्द केला. महाराष्ट्रानं नवा कायदा केला तो थेट 2016 मध्ये, लागू झाला जुलै 2017 पासून. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. छान आहे कायदा. पण साक्षीला उभं कोण राहणार? तेच गाव, खिडक्या लावून घेणारं.

एका शिमग्याला पालखी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेली. काकू आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या. मी ढोलामागं नाचत होतो. त्यांच्याकडे पाहिलं, आणि नाचत राहिलो.

मागच्या गणपतीत त्यांचा मुलगा एसटीत भेटला. आता पनवेलला असतो. नोकरी, मुलं, पाऊस, सगळं बोलून झालं. उतरताना पिशवी उचलत सहज म्हणाला, "तू ढोलाच्या मागं होतास ना रे त्या वर्षी?"

"हो," म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि उतरला.